दोन दहाची केरी

दोन वाजून दहा मिनिटांनी केरीची बस
वाचनालयापुढे हॉर्न देते.
आजही दिला.
श्याम कंडक्टरनं दारातून हात पुढे केला,
तळवा वर, सवयीनं.
मग त्याचं त्यालाच आठवलं.
हात मागे घेऊन त्यानं दोनदा घंटी मारली,
बस पुलाकडे वळली.

लिलूबाय, आज अकरावा दिवस.
तुमच्या टेबलाशी मी अजून बसलेलो नाही.
खरं तर नऊ वर्षं ते माझंच टेबल,
कागदोपत्री.
तुमचा पगार थांबला, येणं थांबलं नाही.
मस्टरवर सही केल्याशिवाय करमेना
म्हणून पेन्सिलीनं करायचात,
कुणी साहेब आला तर खोडता यावी.
एकही खोडलेली नाही.

लोक येऊन सांगतात तुमच्याबद्दल.
वाळवंटी बाजारात शिरली त्या रात्रीचं तर
ज्याचं त्याचं वेगळं पाणी:
कुणाच्या कमरेला, कुणाच्या छातीला.
मी होतो तिथं. गुडघ्याएवढं होतं.
आणि तुम्ही शूर वगैरे नव्हता, चिडला होता,
रजिस्टरं खालच्या खणात ठेवली म्हणून
माझ्यावर.

नंतर महिनाभर देवळाच्या मंडपात, पंख्याखाली
पानापानात वर्तमानपत्र घालत बसलो.
एका कादंबरीची शेवटची सात पानं
चिकटली ती चिकटलीच.
तिचा शेवट तुम्ही तोंडी सांगायचात,
मागेल त्याला.
प्रत्येकाला वेगळा, असा माझा संशय आहे.

आज खणात तुमची वही सापडली.

*पर्ये, आनंदी च्यारी. वाईट शेवटाचं देऊ नये. मुलगा गेलाय.*
*मोर्ले, गुणाजी. स्वतः वाचत नाही, नातीकडून वाचून घेतो.*
*नात चौथीत. जोडाक्षरं बघून देणे.*
*फार्मसीतली फिलोमेना. मराठी शिकते. पाककृती संपल्या,*
*आता भुतं मागते.*
*सर्वेश. पानं दुमडतो. बोलू नये. बाप बार्जवर.*

दंडाच्या रकान्यात सगळीकडे 'भरला'.
कुणी भरला ते लिहिलेलं नाही.
आणि मला आठवली तुमची ती चिमटीएवढी पर्स,
जिच्यातून चहाचे सुटे कधी निघायचे नाहीत.

आपलं नाव शोधू नये हे कळत होतं.
शोधलं.
*हरवलं म्हणतो. हरवलेलं नाही.*
*राहू दे त्याच्याकडे.*
नववीत होतो मी.
ते पुस्तक अजून घरी आहे, कपड्यांखाली.
हे ठाऊक असून
तुम्ही माझ्या हातात किल्ल्या दिल्यात.

शेवटचं पान केरीचं.
*द्वारका माजिक. चालता येत नाही. बसनं पाठवणे.*
*आवड सांगत नाही. सगळंच 'बरें आशिल्लें' म्हणते.*
*परत आलं की हुंगून पाहणे.*
*ज्या पानाला हळदीचा वास, तिथं ती थांबली होती.*

तिचं मागचं पुस्तक तुमच्या टोपलीत तसंच होतं.
दार लोटून घेतलं.
अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस
एकेक पान नाकाशी धरून बसलेला
कुणी बघू नये म्हणून.
कागद. वाळवीचं औषध. पुन्हा कागद.
पान एकशे बारा.
तिथं एक बाई विहिरीवर उभी राहून
सासरच्यांना शिव्या देते. बास, एवढंच.
मी मग कपाटापुढे गेलो
आणि जिभेला हाड नसलेली बाई शोधायला
मला संध्याकाळ लागली.

दुसऱ्या दिवशी हॉर्न झाला तेव्हा
मी आधीच रस्त्यावर होतो.
सुतळी नीट बांधता आली नव्हती.
श्यामनं पुडकं हातात तोललं,
गाठ बघितली, हसला नाही.
"कोणें काडलां?"
मी मागे वाचनालयाकडे पाहिलं.
बस हलली.

बरोबर दिलं की चुकलं, माहीत नाही.
सोमवारी परत येईल.
बघू.